नाशिकहून क्रोएशियाची यॉट: सहलीचे नियोजन, खरा खर्च आणि सेवेबद्दल आमचे मत

आईला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने हॉल घेऊन दोनशे पाने उठवण्यापेक्षा तिला एक आठवडा समुद्रावर घेऊन जावे, असे आम्ही तिघा भावंडांनी ठरवले. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात घालवलेल्या दोन-तीन संध्याकाळी सोडल्या तर आमच्या घरात बोटीचा अनुभव कोणालाच नव्हता. म्हणून नाशिकमधील एका प्रवास-नियोजकामार्फत आम्ही क्रोएशियात स्प्लिट येथून 14 ते 21 जून 2025 या आठवड्यासाठी सुमारे पन्नास फुटी कॅटामरान जातीची यॉट भाड्याने घेतली. आई, माझी भाची, दादा-वहिनी, ताई-भावोजी आणि आम्ही दोघे असे आठ जण, आणि बोटीवर कॅप्टन, शेफ व एक मदतनीस असे तीन कर्मचारी. बोट आणि तिच्यावरची माणसे यांना मी मनापासून पूर्ण गुण देईन. नियोजकाचे व्हिसाचे काम चोख होते. परंतु त्यांनी दिलेले पहिले अंदाजपत्रक अपुरे होते, आणि ज्या घरात अशा सहलीचा विचार चालू असेल त्या घराने सर्वप्रथम तो खर्चाचा भाग नीट समजून घ्यावा, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आम्हाला सांगितलेली रक्कम 16,000 युरो होती. आमच्या हिशेबाने, म्हणजे एका युरोला साधारण शंभर रुपये धरून, सोळा लाख रुपये. आठ जणांत वाटले की प्रत्येकी दोन लाख. हा आकडा ऐकून आम्ही होकार दिला. प्रत्यक्षात ही रक्कम म्हणजे केवळ बोट आणि कर्मचारी यांचे भाडे असते. त्यावर क्रोएशियात 13 टक्के मूल्यवर्धित कर लागतो, म्हणजे आणखी 2,080 युरो. त्यानंतर येते ती या व्यवसायात एपीए म्हणून ओळखली जाणारी आगाऊ खर्चाची रक्कम. इंधन, अन्नसामग्री, पेये, बंदरात बोट लावण्याचे भाडे आणि असे सगळे चालू खर्च कॅप्टन या रकमेतून करतो, हिशेब ठेवतो आणि उरलेले पैसे परत करतो. ती रक्कम बहुधा भाड्याच्या 25 ते 35 टक्के असते. आमच्याकडून 30 टक्के, म्हणजे 4,800 युरो घेतले गेले. शेवटी कर्मचाऱ्यांची बक्षिसी. भूमध्य समुद्रात ती भाड्याच्या 5 ते 15 टक्के देण्याची प्रथा आहे आणि ती आगाऊ रकमेत धरलेली नसते. आम्ही 1,600 युरो दिले. सगळे मिळून 24,480 युरो खिशातून गेले. एपीएमधले 640 युरो परत आले, म्हणून अंतिम आकडा 23,840 युरो ठरला. विमानाचे तिकीट आणि स्प्लिटमधील एका रात्रीचे हॉटेल याहून वेगळे. म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट.

यात कोणी फसवणूक केली असे मला म्हणायचे नाही, कारण भाडे, कर आणि चालू खर्च वेगवेगळे सांगण्याची पद्धत या व्यवसायात सर्वत्र आहे. माझी तक्रार इतकीच की जे आयुष्यात पहिल्यांदा यॉट घेत आहेत त्यांना पहिल्याच बैठकीत चारही आकडे एका कागदावर मांडून दाखवणे हे नियोजकाचे कर्तव्य होते. आम्हाला एपीए हा शब्द प्रथम दिसला तो करारनाम्याच्या मसुद्यात, निम्मी रक्कम भरायला आठवडा उरला असताना. त्या रात्री आमच्या घरी जे बोलणे झाले ते टाळता आले असते.

करारनामा मात्र चांगला होता. भूमध्य समुद्रातील यॉट दलालांची मायबा नावाची जी संघटना 1984 मध्ये स्थापन झाली, तिने तयार केलेल्या नमुन्याच्या धर्तीवर तो होता. निम्मी रक्कम सही करताना आणि उरलेली प्रवासाच्या चार आठवडे आधी, बोट ऐनवेळी नादुरुस्त झाल्यास तिच्या तोडीची दुसरी बोट किंवा परतावा, आणि आपण रद्द केल्यास काय, हे सर्व त्यात स्पष्ट होते. दलालाचे कमिशन साधारणपणे बोटीचा मालक देतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्यामुळे कोणी तुमच्याकडे वेगळे सेवाशुल्क मागत असेल तर ते कोणत्या कामाचे आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आमच्या नियोजकाने व्हिसा, विमा आणि विमानतळावरील गाडी यांचे शुल्क लेखी वेगळे दाखवले होते, आणि ते मला रास्त वाटले.

पैसे भरण्याबाबत एक सूचना. बोट, हॉटेल आणि गाडी असे एकत्र घेतले की ते परदेशी सहलीचे पॅकेज ठरते आणि त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, भरावा लागतो. आम्ही अखेरची रक्कम भरली तेव्हा, म्हणजे 1 एप्रिल 2025 नंतर, एका व्यक्तीच्या वर्षभरातील दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर 5 टक्के आणि त्यापुढे 20 टक्के असा दर होता. दादाने सुरुवातीला सगळी रक्कम आपल्याच नावावर भरण्याची तयारी दाखवली होती. त्याऐवजी तिन्ही घरांनी आपापला वाटा आपापल्या पॅनवर भरला आणि प्रत्येकाचा वाटा दहा लाखांच्या आत राहिला. टीसीएस विवरणपत्रात वळता करून मिळतो हे खरे, पण तोपर्यंत मोठी रक्कम अडकून राहते. हे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर आपल्या सीएला विचारूनच घ्यावा.

ठिकाणाच्या निवडीत नियोजकाचा सल्ला मोलाचा ठरला. आमच्या मनात आधी फ्रान्सचा किनारा होता. तिथे करच 20 टक्के आणि इटलीत 22 टक्के. ग्रीसच्या सायक्लाडीझ बेटांची छायाचित्रे पाहून भाचीचा तिकडे ओढा होता, पण एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस जोरात वाहतो, आणि बोटीवर पहिल्यांदा चढणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तो त्रासदायक होतो. तुर्कस्तानात बोद्रुम आणि ग्योजेक भागात गुलेट नावाच्या प्रशस्त लाकडी बोटी मिळतात आणि तिथे युरोपातल्या बहुतेक देशांना सामाईक असलेला शेंगेन व्हिसाही लागत नाही. आमच्याकडे अधिक माणसे असती तर मी तोच पर्याय घेतला असता. क्रोएशियाच्या बाजूने निर्णय लागला तो बेटांच्या दाटीमुळे. स्प्लिटसमोर ब्राच, ह्वार, शोल्टा, व्हिस ही बेटे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की दिवसाला दोन-तीन तासांहून अधिक प्रवास करावा लागत नाही आणि बहुतेक वेळ जमीन नजरेआड होत नाही. आईसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची होती.

क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून युरो चलनात आणि शेंगेन क्षेत्रात आला आहे. त्यामुळे म्यूनिकमार्गे जाताना प्रवेशाचा शिक्का तिथेच बसला. मुंबईहून थेट विमान नसल्याने एक थांबा घ्यावाच लागतो. व्हिसाचा अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहायचे त्या देशाकडे करायचा असतो, म्हणून आम्ही क्रोएशियाकडे केला. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. राहण्याचा पुरावा म्हणून हॉटेलऐवजी यॉटचा करारनामा जोडायचा होता, आणि त्यात आठही जणांची नावे पासपोर्टप्रमाणे अक्षर न चुकता असावीत यावर नियोजकाच्या कार्यालयातील तरुण मुलीने जी मेहनत घेतली तिची मी मुद्दाम नोंद करतो. आईच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम वेगळा होता. तिने तो दोनदा दुरुस्त करून आणला. बोटांचे ठसे देण्यासाठी सगळ्यांना मुंबईला जावे लागले, म्हणजे पहाटे चारला नाशिक सोडून कसारा घाट उतरणे आले. जूनमधील प्रवासासाठी ही तारीख फेब्रुवारी-मार्चमध्येच घेऊन ठेवावी. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत.

आता नियोजकाच्या दोन ठळक चुका. पहिली मार्गाची. त्यांनी छापून दिलेल्या कार्यक्रमात स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जाऊन सात दिवसांत परत येणे होते. नकाशावर हे अंतर वीतभर दिसते, पण एका बाजूचेच सुमारे शंभर सागरी मैल आहेत, आणि आमची कॅटामरान इंजिनावर ताशी सात-आठ सागरी मैल जाणारी. म्हणजे जाण्यायेण्यातच चोवीस तासांहून अधिक काळ इंजिन चालू, इंधनाचा खर्च एपीएमधून, आणि एखाद्या खाडीत निवांत नांगर टाकून राहण्याचे सुख नाही. कॅप्टनने पहिल्याच संध्याकाळी नकाशा टेबलावर पसरला, पेन्सिलीने छोटे वर्तुळ काढले आणि विचारले की तुम्हाला शहरे मोजायची आहेत की पोहायचे आहे. आम्ही वर्तुळ निवडले: ब्राच, ह्वार, पाक्लेनी बेटे, व्हिस, शोल्टा आणि परत स्प्लिट. डुब्रोव्हनिक पाहायचेच असेल तर एकेरी मार्गाची बोट घ्यावी. तिच्या परतीचा वेगळा आकार पडतो, पण आठवडा वाया जात नाही.

दुसरी चूक आवडीनिवडीच्या पत्रकाची, आणि माझ्या मते संपूर्ण नियोजनात याहून महत्त्वाचा कागद नाही. प्रवासाच्या काही आठवडे आधी बोटीकडून पाच-सहा पानांचा फॉर्म येतो. कोण काय खाते, कशाची अ‍ॅलर्जी आहे, न्याहारी किती वाजता, कोणती पेये, झोपायची व्यवस्था कशी, कोणाला पोहता येत नाही, असे सर्व त्यात भरायचे असते. शेफ त्यावरूनच बाजार करतो. आमच्या नियोजकाने तो आम्हाला न दाखवता स्वतःच भरून पाठवला आणि आहाराच्या रकान्यात केवळ ‘व्हेजिटेरियन’ असा एक शब्द लिहिला. समुद्रकाठच्या स्वयंपाक्याला त्या शब्दातून आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ कळेलच असे नाही. पहिल्या रात्री शेफने भाज्यांचे सुंदर सूप पुढे ठेवले. वहिनीने चमचा तोंडाशी नेला, वास घेतला आणि खाली ठेवला. विचारल्यावर कळले की सूपचे पाणी माशाच्या हाडांचे होते. शेफचा चेहरा उतरला. त्याने काही न बोलता सगळे बाऊल उचलले, ती भांडी बाजूला केली, आणि अर्ध्या तासात टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या पाल्याचे नवे सूप करून आणले. त्यानंतर आठवडाभर तो प्रत्येक पदार्थाचे घटक वहिनीला आधी सांगत असे. चूक त्याची नव्हती, हे आम्ही त्याला वारंवार सांगितले.

त्या रात्री आई जेवायला बसली नव्हती, कारण 14 जूनला संकष्टी होती. उपासाचे सामान आम्ही नाशिकहूनच नेले होते, आणि इथे नियम माहीत असणे आवश्यक आहे. भारतातून युरोपीय संघात तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. ताजी फळेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी घरीच राहिली. मात्र नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. म्हणून आमच्या बॅगेत साबुदाणा, तांदळाची पिठी, गूळ आणि दोन नारळ होते. तुपाची अडचण शेफने सोडवली. त्याने बिनमिठाचे लोणी मंद आचेवर ठेवले, वहिनी शेजारी उभी राहिली, आणि बेरी तांबूस झाली तसा तिने हात वर करून त्याला थांबवले. त्या अरुंद स्वयंपाकघरात दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तूप उत्तम झाले. मोदक वाफवून होईपर्यंत अकरा वाजले. नाशिकच्या पंचांगातली चंद्रोदयाची वेळ तिथे उपयोगाची नव्हती. कॅप्टनने आपल्या यंत्रावर स्प्लिटची वेळ पाहून सांगितली, आणि साडेअकरा वाजून गेल्यावर ब्राच बेटाच्या बाजूने चंद्र वर आला. आईने डेकच्या कडेला उभे राहून तांब्यातून अर्घ्य दिले. आमच्या शेजारी लागलेल्या बोटीवरची माणसे बोलायची थांबली होती. मोदकाचे पहिले ताट कर्मचाऱ्यांकडे गेले.

बोटीवरचे राहणे आमच्या माणसांना जड गेले नाही. चढताना सगळ्यांच्या चपला-बूट एका टोपलीत जमा करून घेतात, कारण लाकडी डेकवर ओरखडे चालत नाहीत. आईला हा नियम इतका स्वाभाविक वाटला की, घर स्वच्छ ठेवणारी माणसे आहेत, असा शेरा तिने लगेच दिला. कॅटामरान दोन तळांवर उभी असल्याने एका बाजूला फारशी कलत नाही. ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असेल तर हाच प्रकार घ्यावा. पाणी मात्र जपून वापरावे लागते. बोटीवर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र होते, तरी ते जनरेटर चालू असतानाच चालते, आणि आठ जणांनी बादली-बादली पाण्याची सवय तशीच ठेवली तर टाकी टिकत नाही. सामान मऊ पिशव्यांतून न्यावे, ही साधी सूचनाही आम्हाला कोणी दिली नव्हती. आमच्या चार कडक सुटकेसेस केबिनमध्ये मावेनात, आणि अखेर कॅप्टनने त्या मरीनाच्या कार्यालयात ठेवण्याची सोय केली.

वाऱ्यांची माहिती कॅप्टन रोज सकाळी देत असे. ईशान्येचा बुरा कोरडा आणि अंगावर येणारा, आग्नेयेचा युगो दमट व लाटा उठवणारा, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी वायव्येकडून येणारा मायेस्त्राल शिडाला सर्वात अनुकूल. चौथ्या दिवशी युगो सुटला म्हणून बिशेवो बेटावरील निळ्या गुहेची फेरी एक दिवस पुढे ढकलली गेली, आणि ते योग्यच झाले, कारण तिचे तोंड इतके ठेंगणे आहे की लहान होडीत डोके खाली घालूनच आत जावे लागते. लाटा असतील तर गुहा बंदच ठेवतात. मायेस्त्राल मिळाला त्या दुपारी कॅप्टनने इंजिन बंद केले. शीड भरल्यावर जी शांतता पसरली ती आम्हा कोणालाच अपेक्षित नव्हती. भावोजी, ज्यांना दोन मिनिटे गप्प बसवत नाही, तेही तासभर बोलले नाहीत. इंधन वाचले ते वेगळे, आणि परत आलेल्या 640 युरोंमागे अशा दोन दुपारी आहेत.

ह्वार बेटावरील स्टारी ग्राडचे मैदान पाहण्याचा आग्रह मी धरला होता, कारण आमचे मामा दिंडोरीला द्राक्षे लावतात. इसवी सनापूर्वी 384 मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इथे वसाहत केली आणि शेतीचे जे चौकोनी तुकडे पाडले, ते दगडी बांधांसकट आजही तसेच आहेत. 2008 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अजूनही तिथे द्राक्षे आणि ऑलिव्ह हीच पिके. आपल्याकडच्या मांडवाची सवय असलेल्या डोळ्यांना गुडघ्याएवढ्या झुडपांवरची द्राक्षे पाहून नवल वाटते. मी मामांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळ्यात आधी मला माती मुठीत घेऊन दाखवायला सांगितले.

अखेरच्या सकाळी नऊला बोट सोडायची असते. त्याआधी कॅप्टनने एपीएची वही समोर ठेवली. प्रत्येक पानावर पावती चिकटवलेली, शेजारी तारीख, बंदर आणि रक्कम. व्हिसच्या बाजारातल्या दीड युरोच्या पुदिन्याचीही पावती होती. वडिलांच्या किर्दवहीनंतर इतका नेटका हिशेब मी पाहिला नव्हता. तुम्हीही ही वही दर दोन दिवसांनी मागून पाहावी. कॅप्टनला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि रक्कम लवकर संपत असेल तर बंदराऐवजी खाडीत मुक्काम करून खर्च आवरता येतो. बक्षिसीचे पाकीट रोख आणि कॅप्टनच्याच हाती द्यायचे असते; तो ती सर्वांत वाटतो. उरलेली रक्कम नियोजकाकडून आमच्या खात्यांत यायला मात्र पाच आठवडे आणि चार फोन लागले, आणि एवढा उशीर का झाला याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

परत आल्यावर मी या सर्व त्रुटी नियोजकाला लेखी कळवल्या. त्यांनी अंदाजपत्रकाचा नमुना बदलून भाडे, कर, एपीए आणि बक्षिसी असे चार रकाने केल्याचे मला दाखवले, आणि त्यामुळे त्यांच्याकडे पुन्हा जाण्यास माझी हरकत नाही. पुढच्या वेळी तुर्कस्तानची गुलेट घ्यावी असा ताईचा विचार आहे. आवडीनिवडीचे पत्रक त्या वेळी आपणच भरणार, असे आईने आताच जाहीर केले आहे, आणि आहाराच्या रकान्यासाठी तिने एका कागदावर लिहूनही ठेवले आहे: मासा नको, अंडे नको, माशाचे पाणी नको, चतुर्थीला साबुदाणा भिजवून ठेवावा, लोणी बिनमिठाचे आणावे.